इंजिन स्टँडवर चढवताना बोल्ट कोणते निवडायचे: आटे, लांबी, ग्रेड आणि कोकणातला गंज

१ जूनला मासेमारी बंद झाली की हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण इथल्या यांत्रिक नौका किनाऱ्यावर येतात आणि ३१ जुलैच्या आत इंजिनाची कामं उरकायची असतात. आंब्याचा हंगाम संपल्यामुळे पिकअप आणि टेम्पोवालेही याच दिवसांत मोकळे होतात. त्यामुळे पावसाळ्यात किनारपट्टीवरच्या गॅरेजांत एखादं तरी इंजिन स्टँडवर, म्हणजे इंजिन मागून धरून फिरवता येणाऱ्या चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर, टांगलेलं असतंच. ते कशावर टांगलंय हे जवळ जाऊन पाहा. बऱ्याचदा पत्र्याच्या डब्यातून वेचलेले चार बोल्ट दिसतात: दोन एका मापाचे, एक लांब म्हणून खाली तीन वायसर घातलेला, आणि चौथा डोक्यावर कसलाच शिक्का नसलेला.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘हायटेन्साइल (जास्त ओढ सोसणारा) आहे का?’ प्रश्न बरोबर आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा. इंजिन स्टँडवरून निसटतं ते बहुधा बोल्टचं पोलाद कमजोर म्हणून नाही. आटे जुळलेले नसतात, बोल्ट आत पुरेसा गेलेला नसतो किंवा भोकाच्या तळाला टेकून नुसता घट्ट ‘वाटत’ असतो, नाहीतर स्टँडचा हात ब्लॉकला पूर्ण टेकलेला नसतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आटे, मग लांबी, मग ग्रेड.

भार नेमका कुठे येतो

साध्या स्टँडवर इंजिन मागच्या बाजूनं, म्हणजे जिथे गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग (घंटेच्या आकाराचं पुढचं कवच) बसतं त्या तोंडावर धरलेलं असतं. बाकी सगळं इंजिन पुढे अधांतरी. चार हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक नळी, नळीतून बोल्ट आणि बोल्टचे आटे ब्लॉकमध्ये.

२५० किलोचं डिझेल इंजिन धरा. त्याचं वजन सुमारे २४५० न्यूटन. गुरुत्वमध्य मागच्या तोंडापासून ४०० मिमी पुढे असेल तर इंजिन पुढे झुकवू पाहणारा आघूर्ण होतो ९८० न्यूटन मीटर. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये ३०० मिमी अंतर असेल तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून ३२७० न्यूटन, म्हणजे एकेका बोल्टवर साधारण १६३५ न्यूटन ओढ येते. आता एम १२ × १.७५ चा (व्यास १२ मिमी, आट्यांतलं अंतर म्हणजे पिच १.७५ मिमी) ८.८ ग्रेडचा बोल्ट किती ओढ सहन करतो? ग्रेडच्या आकड्यांचा अर्थ पुढे येईलच. त्याचं परिणामी क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिमी, प्रूफ ताण (कायमचा न ताणता सोसता येणारा) ५८० मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ ४९ हजार न्यूटन. तीसपट. ओढून बोल्ट तुटण्याची भीती इथेच संपली.

भीती आहे ती वाकण्याची. हाताची नळी ब्लॉकला पूर्ण टेकलेली आणि बोल्ट नीट ताणलेला असेल तर वजन नळी आणि ब्लॉक यांच्यातल्या दाबावर आणि घर्षणावर पेललं जातं. पण मधे फट राहिली तर तेवढा बोल्ट उघडा पडतो आणि इंजिनाचं वजन त्याला वाकवू लागतं. फट ४० मिमी असेल तर एका बोल्टच्या वाट्याचे ६१३ न्यूटन एम १२ बोल्टमध्ये सुमारे २२५ मेगापास्कलचा वाकवणारा ताण आणतात. एम १० बोल्टमध्ये तोच ताण ३९० च्या पुढे जातो. साध्या ४.६ ग्रेडचा बोल्ट २४० मेगापास्कलला कायमचा वाकतो. हा हिशेब इंजिन शांत टांगलेलं असतानाचा आहे. पुलर लावून झटका दिला, स्टँड जांभ्याच्या फरशीवरून खडखडत नेला की भार सहज दुप्पट होतो.

इंजिन फिरवलं की वरचे बोल्ट खाली आणि खालचे वर जातात, त्यामुळे ‘खालचे दोन कसेही चालतील’ हे चालत नाही. चारही सारख्याच लायकीचे हवेत.

आटे ओळखणं

सर्वांत चांगला नमुना म्हणजे त्याच इंजिनाचा गिअरबॉक्स धरणारा मूळ बोल्ट. गिअरबॉक्स उतरवतानाच प्रत्येक बोल्ट कुठल्या भोकातला आहे हे पुठ्ठ्यावर इंजिनाच्या मागच्या तोंडाचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा. सगळी भोकं एका मापाची असतीलच असं नाही. काही इंजिनांत वर एम १२ आणि खाली एम १० असतात, स्टार्टरजवळचा बोल्ट वेगळाच निघतो.

मूळ बोल्ट हाती नसेल तर मोजा. व्हर्नियरनं बाहेरचा व्यास आणि पिच गेजनं आट्यांतलं अंतर. पिच गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजा: १२.५ मिमी आली तर पिच १.२५, १५ आली तर १.५, १७.५ आली तर १.७५. एम १० चा ‘सगळीकडे मिळणारा’ बोल्ट १.५ पिचचा असतो आणि एम १२ चा १.७५. पण जपानी वळणाच्या इंजिनांत, म्हणजे मारुती, टोयोटा, होंडा यांत, एम १० × १.२५ आणि एम १२ × १.२५ हे बारीक आटे सर्रास असतात. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘बारा नंबरचा बोल्ट’ मागितला तर १.७५ वालाच मिळणार. तो १.२५ च्या भोकात दीड-दोन फेरे जाऊन अडतो, आणि मग कुणीतरी पाना लावून दामटतो. ब्लॉकचे आटे तिथेच मेले.

याहून फसवी जोडी इंचांच्या बाजूला आहे. दुकानात ‘तीन सुताचा’ म्हणून मिळणारा बोल्ट म्हणजे तीन अष्टमांश इंच, व्यास ९.५२ मिमी, इंचाला १६ आटे, म्हणजे पिच जवळपास १.५९. तो एम १० × १.५ च्या भोकात पहिले तीन-चार आटे बोटांनीच सहज जातो, म्हणून ‘बसला’ असं वाटतं. पण व्यास कमी असल्यामुळे आट्यांची पकड सुमारे एक तृतीयांशानं घटलेली असते, आणि पिच वेगळा असल्यामुळे सगळा भार एक-दोन आट्यांवरच येतो. ताण दिला की आटे सोलून निघतात. ओळखायची खूण: बोल्ट अर्धा आत गेल्यावर डोकं धरून हलवा. डुलला तर माप चुकीचं आहे. दहा आटे मोजले तर तीन सुताच्या बोल्टवर १५.९ मिमी येतात, एम १० वर १५. हा फरक साध्या पट्टीवरही दिसतो.

जुन्या ब्रिटिश वळणाच्या डिझेल इंजिनांवर व्हिटवर्थ आटेही सापडतात. तीन सुताला व्हिटवर्थ आणि यूएनसी (अमेरिकी वळणाचे इंची आटे) दोन्हींचे इंचाला १६ आटे असतात, पण आट्याचा कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा. चार सुताला, म्हणजे अर्ध्या इंचाला, व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. नमुना बोल्ट घेऊनच दुकानात जा, नंबर सांगून आणायला पाठवू नका.

फ्लायव्हील हाउसिंगसकट धरायचं असेल तर काम थोडं सोपं होतं, कारण मोठ्या डिझेल इंजिनांची हाउसिंग एसएई या ठरलेल्या प्रमाण मापांत येतात. एसएई ३ ला ४२८.६ मिमीच्या वर्तुळावर १२ भोकं, एसएई ४ ला ३८१ मिमीवर १२, एसएई २ ला ४६६.७ मिमीवर १२. तिघांनाही तीन सुताचे १६ आट्यांचे बोल्ट. एसएई १ ला ५३०.२ मिमीवर १२ भोकं आणि साडेतीन सुताचे १४ आट्यांचे बोल्ट. मेट्रिक घडणीच्या हाउसिंगवर हेच एम १० आणि एम १२ होतात, म्हणजे वर सांगितलेला धोका इथेही आहेच.

बोल्ट निवडला की हातानं, पाना न लावता, पूर्ण आत फिरवून पाहा. फेरे मोजा. १८ मिमी आत जायचा असेल तर १.७५ पिचला सुमारे दहा फेरे आणि १.२५ पिचला चौदा. चौथ्याच फेऱ्याला अडला तर एकतर माप चुकलंय नाहीतर भोकात घाण आहे.

भोकं साफ करणं

किनाऱ्यावरच्या इंजिनांच्या मागच्या तोंडातली भोकं क्वचितच स्वच्छ निघतात. गंज, मीठ, जुनं आरटीव्ही (गळती थांबवणारा सिलिकॉनचा लेप), ग्रीस. योग्य मापाचा टॅप हलक्या हातानं फिरवा, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे. नवा धारदार टॅप जोरानं मारला तर मूळ आट्यांचं मांस निघतं. त्याऐवजी त्याच मापाच्या जुन्या बोल्टला हॅकसॉनं लांबीत दोन खाचा पाडून तो फिरवला तर घाण निघते आणि आटे राहतात.

नंतर भोकात हवा मारा. बंद भोकात तेल किंवा पाणी तुंबलेलं असताना बोल्ट आवळला तर द्रवाला जायला जागा नसते आणि दाबानं बिडाचा कान (भोकाभोवतीचा पुढे आलेला भाग) तडकतो. एअर मारताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, भोकातलं सगळं थेट तोंडावर येतं.

लांबी: इथेच बहुतेकांचं चुकतं

किती आत जायला हवा याचा कारखान्यानं ठरवलेला आकडा मिळवायची सोपी युक्ती आहे. मूळ बोल्ट त्याच्या वायसरसकट गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या भोकात घाला आणि पलीकडे किती मिमी बाहेर येतो ते मोजा. तेवढाच तो ब्लॉकमध्ये जात होता. हा आकडा हाती आला की अंदाज करायची गरजच नाही.

तो मिळत नसेल तर ढोबळ नियम: बिडाच्या ब्लॉकमध्ये व्यासाच्या दीडपट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट. एम १० ला बिडात १५ मिमी, अ‍ॅल्युमिनियममध्ये २०. एम १२ ला १८ आणि २४. मारुतीची के सिरीज पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची आहे, तर पिकअपची बरीचशी डिझेल इंजिनं बिडाची, हा फरक लक्षात ठेवा.

मग भोकाची खोली मोजा. व्हर्नियरची मागची काडी आत घालून पूर्ण खोली मिळते, पण तळाशी ड्रिलचा शंकू असतो आणि शेवटचे दोन-तीन आटे अर्धवट असतात, म्हणून ती खोली खरी धरू नका. खात्रीची रीत अशी: एखादा पूर्ण आट्यांचा बोल्ट हात, वायसर काहीही न घालता नुसता भोकात बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, ब्लॉकच्या तोंडाशी मार्करनं खूण करा, काढा आणि मोजा. ही झाली वापरण्याजोगी खोली. त्यातून ३ मिमी सोडा.

आता हिशेब. डोक्याखालची लांबी = नळीची लांबी + वायसरची जाडी + ब्लॉकमध्ये जाणारी लांबी.

उदाहरण: नळी ५५ मिमी, वायसर ३ मिमी, एम १२ बिडात १८ मिमी. बेरीज ७६. बाजारात ७५ आणि ८० मिळतात. वापरण्याजोगी खोली २५ मिमी असेल तर ८० चा घ्या: २२ मिमी आत जाईल आणि तळाला ३ मिमी मोकळे राहतील. खोली २० असेल तर ८० चा तळाला टेकणार, तिथे ७५ चाच घ्यायचा, १७ मिमी आत जातो आणि तेवढं चालतं.

तळाला टेकलेला बोल्ट हा या कामातला सर्वांत वाईट दोष, कारण तो लपतो. टॉर्क रेंच ‘टक्’ वाजतं, डोकं हलत नाही, सगळं घट्ट वाटतं. प्रत्यक्षात बोल्टचा सगळा ताण तळावर जातो आणि हात सैलच असतो. तपासायला ०.०५ मिमीची फिलर पट्टी नळी आणि ब्लॉक यांच्या मध्ये सरकवून पाहा, किंवा नळीवर हातोडीनं हलकं टकटक करून थरथर येते का पाहा. जोर जास्त लावला तर तळाचं बीड फुटतं, आणि भोकामागे पाण्याचं जॅकेट असेल तर ब्लॉक गेला.

बोल्ट लांब असेल तर खाली वायसरांची चळत लावू नका. एक कडक वायसर ठीक, पाच वायसर म्हणजे पाच जागी सरकणारी थप्पी. लेथवर जाड पाईपचा तुकडा दोन्ही तोंडं काटकोनात फेस करून घ्या. दुसरा मार्ग बोल्ट कापण्याचा. कापण्याआधी त्यावर नट चढवून ठेवा, हॅकसॉनं कापा, टोक कानसीनं निमुळतं करा आणि नट उलटा फिरवून काढा म्हणजे कडेचे आटे सरळ होतात. गॅस कटरनं कापू नका. तापलेल्या बोल्टची कडकी जाते आणि त्यावरचा ८.८ चा शिक्का खोटा ठरतो.

अर्धे आटे आणि पूर्ण आटे असे दोन प्रकार मिळतात. अर्ध्या आट्यांच्या बोल्टमध्ये सव्वाशे मिमी लांबीपर्यंत आट्यांचा भाग व्यासाच्या दुप्पट अधिक ६ मिमी असतो, म्हणजे एम १० ला २६ आणि एम १२ ला ३०. जमेल तिथे अर्धे आटेच घ्या, कारण नळीत साधा जाड दांडा येतो आणि तो वाकायला जास्त दणकट असतो. मात्र साधा भाग ब्लॉकच्या भोकापर्यंत पोचता कामा नये, नाहीतर बोल्ट आट्यांच्या शेवटी अडेल आणि हात पुन्हा सैल.

काही ब्लॉकच्या कानांत आटेच नसतात, आरपार भोक असतं. तिथे मागून नट येतो. लांबीत नटाची जाडी (एम १० ला ८ मिमी, एम १२ ला १०) आणि बाहेर डोकावणारे दोन आटे मिळवा. ८.८ बोल्टला ८ वर्गाचा नट, १०.९ ला १० वर्गाचा.

ग्रेड

८.८ पुरेसा आहे. पहिला आकडा शंभरपट केला की मेगापास्कलमध्ये तुटण्याचा ताण मिळतो, म्हणजे ८००, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जातो. १०.९ चे आकडे १००० आणि ९००. इंचांच्या बोल्टवर डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या तोलाचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, १०.९ च्या जवळचा. डोक्यावर ग्रेडबरोबर बनवणाऱ्याचा शिक्काही असायला हवा. काहीच नसेल तर तो साधा एमएस (साध्या मऊ पोलादाचा) बोल्ट समजा आणि गेटच्या बिजागरीला वापरा.

१०.९ घ्यायला हरकत नाही, विशेषतः एम १० च्या जागी भारी डिझेल असेल तर. १२.९ मात्र इथे मुद्दाम टाळा. तो कडक तितकाच ठिसूळ असतो, आणि झिंक प्लेटिंग केलेल्या १२.९ बोल्टमध्ये प्लेटिंगच्या वेळी शिरलेल्या हायड्रोजनमुळे ताणाखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तडा जाऊ शकतो. रात्री ठीक असलेला बोल्ट सकाळी डोकं टाकून पडलेला दिसतो.

थ्रेडेड रॉड कापून बोल्ट करणं तर नकोच. बाजारातला नेहमीचा रॉड ४.६ किंवा ४.८ चा असतो.

कोकणात खरा मोह स्टीलचा, म्हणजे स्टेनलेसचा. गंजत नाही म्हणून होडीवर सगळीकडे तोच, मग स्टँडलाही तोच. पण ए२-७० या स्टेनलेसच्या नेहमीच्या ग्रेडचा कायमचा ताणला जाण्याचा आकडा ४५० मेगापास्कल आहे, ८.८ च्या ६४० च्या तुलनेत बराच कमी. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना चिकटून जाम होतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात खाऱ्या ओलाव्यासह राहिला तर आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियमच पांढरं पडून खाल्लं जातं. स्टँड दोन महिन्यांसाठी असतो. काळा किंवा झिंकचा ८.८ घ्या आणि तेल लावा. जाड गॅल्वनाइज केलेला बोल्ट मात्र ब्लॉकच्या भोकात जातच नाही, त्याच्या थरामुळे आटे फुगलेले असतात.

बारीक आट्यांचे ८.८ किंवा १०.९ बोल्ट रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला प्रत्येक दुकानात मिळतीलच असं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. मे महिन्यातच मागवून ठेवलेले बरे. जूनच्या पावसात घाट बंद पडला की जे हाताला लागेल तेच लावलं जातं.

नळी आणि वायसर

तयार स्टँडच्या नळीचं भोक बऱ्याचदा १३-१४ मिमीचं असतं. त्यात एम १२ ठीक बसतो, एम १० मात्र खुळखुळतो आणि इंजिन दोन मिमी खाली उतरतं. उतरलं की चारही हातांचा मेळ जातो. लेथवाल्याकडून १० मिमी आतला व्यास असलेला पोलादी बुश करून घ्या, पैसे नगण्य लागतात.

वायसर जाड आणि कडक हवा. पातळ साधा वायसर नळीच्या भोकात बशीसारखा आत दबतो आणि बोल्टचा ताण दोन दिवसांत निघून जातो. ४-५ मिमी पट्टीतून कापलेला आणि नळीच्या बाहेरच्या व्यासाएवढा वायसर सर्वांत चांगला. स्प्रिंग वायसरवर विसंबू नका, आवळल्यावर तो नुसता सपाट होतो.

चढवण्याचा क्रम

तेल आणि पाणी काढा. इंजिन चेन ब्लॉकवर टांगा. क्लच, फ्लायव्हील आणि मागची पत्र्याची प्लेट उतरवा. मागचं क्रँक सील बदलायचं असेल तर ते आत्ताच, स्टँड लागला की तिथे हात जात नाही.

डॉवेल पिना (गिअरबॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) आहेत का पाहा. नळीच्या वाटेत येत असतील तर काढून ठेवा, त्यावर नळी टेकवून आवळू नका.

स्टँडची गोल प्लेट नळकांड्यातून बाहेर काढा आणि टांगलेल्या इंजिनालाच जोडा. अख्खा स्टँड ढकलत आणून भोकं जुळवण्यापेक्षा हे दहापट सोपं. चार हात प्लेटवर सैल ठेवा. बोल्ट निवडताना एकमेकांपासून शक्य तितकी दूर, चौकोनाच्या कोपऱ्यांतली भोकं घ्या. चारही बोल्ट हातानं पूर्ण फिरवून घ्या.

आधी ब्लॉककडचे चार बोल्ट आवळा, तिरकस क्रमानं, दोन टप्प्यांत. बिडात ८.८ च्या कोरड्या आट्यांना एम १० साठी ४० ते ४५ न्यूटन मीटर, एम १२ साठी ७० ते ८०. तेल लावलेल्या आट्यांना पंधरा-वीस टक्के कमी. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम १० ला २५ ते ३०, एम १२ ला ४५ ते ५०. स्टँडला इंजिन चालवायचं नसतं, त्यामुळे आणखी जोर लावून काही मिळत नाही. प्रत्येक नळीभोवती फिलर पट्टी फिरवून घ्या.

त्यानंतरच हात आणि प्लेट यांमधले बोल्ट आवळा. क्रम उलटा केला, म्हणजे हात आधी प्लेटवर घट्ट केले, तर एखादी नळी ब्लॉकपासून दोन-तीन मिमी दूर राहते आणि बोल्ट ओढून ती जवळ आणली जाते. ब्लॉकचा कान मोडतो तो अशा वेळी.

प्लेट लावताना फिरण्याचा अक्ष क्रँकच्या किंचित वर ठेवा, म्हणजे तो गुरुत्वमध्याजवळ येतो. हेड लावलेलं इंजिन वरून जड असतं. अक्ष फार खाली राहिला तर पिन काढताच ते गपकन उलटतं आणि हँडल मनगटावर बसतं.

आता नळकांडं स्टँडमध्ये सरकवा, पिन घाला आणि चेन थोडी थोडी सैल करा. चेन ढिली झाल्यावर पाच मिनिटं थांबून नळ्यांचे सांधे पाहा. पहिल्यांदा इंजिन पूर्ण फिरवल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्क पुन्हा तपासा. एखादा बोल्ट पाव फेऱ्याहून जास्त फिरला तर त्याचा वायसर दबलाय किंवा आटे ओढले जाताहेत. काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोल्टच्या टोकाला आट्यांचा भुगा चिकटून आला तर ते भोक सोडून शेजारचं वापरा. तिथेच हवं असेल तर हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवा.

होडीची मोठी इंजिनं

ट्रॉलरवरचं सहा सिलिंडरचं डिझेल फक्त मागून धरणाऱ्या साध्या स्टँडवर चढवू नका, बोल्ट कितीही चांगले असोत. बाजारातल्या साध्या स्टँडची मर्यादा ३४० किंवा ४५० किलो असते. असं इंजिन गिअरबॉक्स काढूनही त्यापलीकडे जाऊ शकतं, आणि लांब असल्यामुळे गुरुत्वमध्यही दूर असतो. वजनाचा अंदाज करण्यापेक्षा चेन ब्लॉकला टांगता काटा लावून मोजा. मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर गेलं तर दुसरी सोय बघा.

ती सोय म्हणजे चॅनेलची चौकट, दोन्ही टोकांना आधार, आणि इंजिन त्याच्या मूळ फाउंडेशन पायांवर. पायांची भोकं एम १६ ची असतील तर ८.८ चे आरपार बोल्ट, खाली चौकोनी जाड वायसर, ८ वर्गाचा नट, टॉर्क २०० न्यूटन मीटरच्या आसपास. चॅनेलची आतली पट्टी उतरती असते, म्हणून नटाखाली तेवढाच उतार असलेला तिरका वायसर घाला, नाहीतर बोल्ट डोक्यापाशी वाकतो.

आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा, प्रश्नच वेगळा: तो बेलहाउसिंगवर धरत नाहीत. त्याच्या स्वतःच्या क्लँपनं जाड फळीवर टांगतात.

पाऊस, फरशी आणि दोन महिने

स्टँडची चाकं जांभ्याच्या फरशीच्या सांध्यात अडकतात आणि पुढचं वजन स्टँडला तोंडावर पाडतं. इंजिन चढलेला स्टँड हलवायचाच असेल तर खाली प्लायवूड टाका, लांबीच्या दिशेनं ढकला, आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागेच राहतोय ना ते बघा. कामाच्या वेळी चाकांना ओंडके लावा.

बोल्ट बसवण्याआधी आट्यांना इंजिन ऑइल किंवा पातळ ग्रीस लावा आणि टॉर्क त्याप्रमाणे कमी ठेवा. उघडं पडलेलं ब्लॉकचं मागचं तोंड, रिकामी भोकं आणि डॉवेलच्या जागा तेलानं पुसून भोकांत कापडाचे बोळे ठेवा. खाऱ्या हवेत मशीन केलेलं बीड एका रात्रीत लालसर होतं. काम लांबलं तर दर पंधरवड्याला एकेक बोल्ट, एका वेळी एकच आणि इंजिन चेनवर धरून, सैल करून पुन्हा आवळा, म्हणजे ऑगस्टमध्ये काढताना डोकं तुटून भोकात तुकडा अडकणार नाही.

काम संपल्यावर बोल्ट काचेवर लोळवून पाहा. लडबडत लोळला तर तो वाकलाय, भंगारात टाका. सरळ निघालेले चार बोल्ट, बुश आणि वायसर तारेत ओवून त्यावर इंजिनाचं नाव आणि माप लिहिलेली पत्र्याची चकती बांधा आणि तेल लावून स्टँडलाच अडकवून ठेवा.